सीझन पास झाला की नापास, हे ठरवायचं कुणी?

या वेळी टपालात बास्केटबॉलच बास्केटबॉल आहे, आणि तेही बहुतेक अमेरिकेच्या एनबीए लीगचं. पत्रं वेगवेगळ्या टीमच्या फॅन्सची आहेत पण खरवडून बघितलं तर आत प्रश्न एकच, आमचा सीझन चांगला गेला म्हणायचा की नाही. काही पत्रं कापून छोटी केलीत. एकाने साडेचार पानं नुसती रेफ्रींवर लिहिली होती, ती छापली नाहीत, राग मानू नये.

प्रश्न: दादा, मी न्यूयॉर्क निक्सचा फॅन. २०२४-२५ चा सीझन आमच्यासाठी स्वप्नासारखा होता, ५१ मॅच जिंकल्या, प्लेऑफमध्ये (सीझननंतरच्या बाद फेऱ्यांत) आदल्या वर्षीच्या चॅम्पियन बोस्टन सेल्टिक्सना घरी पाठवलं, २००० नंतर पहिल्यांदाच ईस्टच्या, म्हणजे लीगच्या पूर्व विभागाच्या, फायनलला पोचलो. तिथे इंडियाना पेसर्सनी ४-२ ने हरवलं आणि लगेच दोन-तीन दिवसांत कोच टॉम थिबोडोंना काढून टाकलं. आता माझा मोठा भाऊ म्हणतो, बघ, टीमनेच सांगितलं की सीझन फेल होता, तू कशाला नाचतोयस. मी म्हणतो अरे पंचवीस वर्षांत कुणाला जमलं नव्हतं ते जमलं. आठवडा झाला, आमचं बोलणं बंद आहे. कोण बरोबर? — निक्सवेडा

उत्तर: आधी भावाशी बोलायला लाग, निक्सच्या फॅनने निक्सच्याच फॅनशी अबोला धरायचा म्हणजे मग या जगात आपलं दुःख कळणार कुणाला.

भावाचा मुद्दा चुकलाय, पण त्याला जे वाटतंय ते चुकलेलं नाहीये, म्हणजे कसं ते सांगतो. कोचला काढणं हा सीझनचा रिझल्ट नसतो रे. सीझन कसा गेला हा एक प्रश्न, आणि याच माणसाच्या हाताखाली टीम अजून एक पायरी चढेल का हा दुसरा प्रश्न, आणि कोचला काढलं की त्याने फक्त दुसऱ्याचं उत्तर मिळतं. टोरांटो रॅप्टर्सचं आठव. २०१७-१८ ला त्यांनी ५९ मॅच जिंकल्या, तोपर्यंतच्या त्यांच्या इतिहासातल्या सगळ्यात जास्त, ईस्टमध्ये पहिला नंबर. मग लेब्रॉन जेम्सच्या क्लीव्हलँड कॅव्हेलियर्सनी त्यांना ४-० धुतलं, टीमने कोच ड्वेन केसींना काढलं, आणि थोड्याच दिवसांत त्याच केसींना लीगचा कोच ऑफ द इयर मिळाला. आता तो सीझन पास की नापास? माझ्या मते पास, फक्त टीमला कळून चुकलं होतं की या जुळणीची मजल इथपर्यंतच. पुढच्या वर्षी डीमार डीरोझन देऊन कवाय लेनर्डला आणलं, निक नर्स कोच झाले आणि २०१९ ला टायटल आलं. निक्सनी पण थिबोडोंना काढताना साधारण हेच सांगितलं की आमचं लक्ष आता फक्त चॅम्पियनशिपवर आहे. झालेला सीझन वाया गेला असं काही म्हटलं नाही.

आता तुझं. मी नेहमी एक करतो, मनातल्या मनात ऑक्टोबरात, सीझन सुरू व्हायच्या आधी, जाऊन उभा राहतो. तेव्हा तुला कुणी कागद पुढे केला असता, ईस्टची फायनल, सहा मॅच, सही कर, तर केली असतीस का? आदल्या वर्षी ५० विजय होते आणि दुसऱ्या राउंडला याच पेसर्सकडून सातव्या मॅचमध्ये बाहेर पडला होतात, तेही निम्मी टीम जखमी असताना. मग उन्हाळ्यात मिकल ब्रिजेससाठी ड्राफ्टमधले फर्स्ट राउंडचे पाच पिक (नवे खेळाडू निवडायचे हक्क) मोजले, ट्रेनिंग कॅम्पच्या तोंडावर कार्ल-अँथनी टाउन्सला आणायला ज्युलियस रँडल आणि डीव्हिन्चेंझोला सोडलं. एवढा खर्च करणारी टीम दुसऱ्या राउंडच्या पुढे जायलाच हवी, आणि ती गेली. आणि हाच कागद एप्रिलमध्ये पुढे केला असता तर तू डोळे मिटून सही केली असतीस, कारण सेल्टिक्सकडून चारही मॅच हरला होतात आणि कॅव्हेलियर्सकडूनपण चारही. आठ पैकी शून्य. त्यानंतर बोस्टनमध्ये जाऊन पहिल्या दोन्ही मॅच वीस-वीस पॉइंटनी मागे पडून काढल्या, हे मी अजून कधी कधी उगीच लावून बघतो.

म्हणजे पास. पण भावाच्या पोटात काय दुखतंय तेही बघ. सेल्टिक्सविरुद्धच्या चौथ्या मॅचमध्ये त्यांचा स्टार टेटमचं टाचेमागचं अकिलीस गेलं, ६४ मॅच जिंकलेले कॅव्हेलियर्स पेसर्सनीच पाच मॅचमध्ये संपवले होते, म्हणजे ईस्टमध्ये वरचे दोघंही गेलेले, रस्ता मोकळा, आणि ईस्टच्या फायनलची पहिली मॅच घरच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनला, तीन मिनिटांहून कमी वेळ राहिलेला आणि आपण १४ ने पुढे! मग पेसर्सचा तो नीस्मिथ थ्रीवर थ्री (लांबून तीन पॉइंटचे शॉट) टाकत सुटला, त्यांच्याच हॅलिबर्टनचा शेवटचा शॉट रिंगवर आपटून हे एवढा वर गेला आणि सरळ आत, पठ्ठ्याने तर जिंकलोच समजून गळ्याला हात लावून चिडवलंसुद्धा, पण पाय रेषेवर होता म्हणून दोनच पॉइंट, मॅच बरोबरीत, ओव्हरटाइम, आणि १३८-१३५ ने हरलो. तोवर १९७३ नंतर टायटल नव्हतं, दार एवढं उघडं परत कधी मिळणार, हे भावाला खुपतंय. ते खुपू दे त्याला. सीझन यशस्वी होता आणि तरीही हळहळ राहिली, दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं, त्यासाठी कोचच्या नोकरीचा दाखला द्यायची गरज नव्हती.

प्रश्न: यानिस म्हणाला खेळात अपयश असं काही नसतं. मला तो आवडतो पण हे जरा अतीच झालं. पहिल्या सीडची (विभागात पहिल्या नंबरची) टीम आठव्या सीडकडून पहिल्याच राउंडला हरते आणि म्हणे अपयश नाही. उद्या मी बॉसला असं सांगितलं तर चालेल का? — बक्सवाला पण वैतागलेला

उत्तर: नाही चालणार, पण यानिससारखे तुमच्या नावावर दोन एमव्हीपी (सीझनच्या सर्वोत्तम खेळाडूचे किताब) असतील तर बॉस ऐकून तरी घेईल.

आठवण नसलेल्यांसाठी थोडक्यात, २०२३ चा एप्रिल, मिलवॉकी बक्स ५८-२४ (विजय-पराभव), लीगमध्ये सगळ्यात पुढे, आणि मायामी हीटने त्यांना ४-१ ने काढलं. मॅचनंतर पत्रकाराने यानिस अँटेटोकुंपोला विचारलं की हा सीझन अपयशी होता का, तर त्याने उलट विचारलं की तुला दरवर्षी प्रमोशन मिळतं का, नाही मिळालं तर ते वर्ष अपयश का, आणि जॉर्डन १५ वर्षं खेळला, ६ टायटल जिंकला, मग उरलेली नऊ वर्षं वाया गेली का.

मला विचाराल तर तो त्याच्या जागी बरोबर होता आणि पत्रकारही त्याच्या जागी. खेळाडू पंधरा वर्षांचा हिशोब करतो, तसा केला नाही तर तो रात्री झोपणार कसा. आपला हिशोब ऑक्टोबर ते जून एवढाच असतो. आणि त्या हिशोबात तो सीझन नापास, सरळ सरळ. हो, यानिसची पाठ पहिल्या मॅचला दुखावली आणि पुढच्या दोन तो खेळला नाही, ही अडचण खरीच आहे. पण पाचव्या मॅचला तो होता, टीम चौथ्या क्वार्टरमध्ये १६ ने पुढे होती तरी ओव्हरटाइममध्ये हरली, आणि त्याने स्वतः २३ पैकी १० फ्री थ्रो घातले. तेरा चुकले! त्यातले तीन-चार पडले असते तर ही पत्रकार परिषदच झाली नसती. पुढच्या आठवड्यात कोच बुडेनहोल्झरना काढलं, ज्यांनी २०२१ ला टायटल दिलं होतं.

आणि त्याच मोजपट्टीने हीटकडे बघा. ४४-३८, प्ले-इनची (प्लेऑफमध्ये शिरायच्या पात्रता फेरीची) पहिली मॅच घरच्या कोर्टवर अटलांटाकडून हरले, दुसरी शिकागोविरुद्ध कशीबशी जिंकून आत घुसले आणि थेट एनबीए फायनलला. तिथे नगेट्सकडून ४-१ हरले. मायामीच्या कुठल्याही फॅनला विचारा, त्या वर्षाचं नाव काढल्यावर तो हसेल. आता ४४ विजयवाला सीझन यशस्वी आणि ५८ विजयवाला अपयशी, हे बाहेरच्या माणसाला सांगायला गेलं तर तो आपल्याला येड्यातच काढेल, पण आपल्याला कळतं.

प्रश्न: आमची टीम साठच्या वर मॅच हरली. मित्र म्हणतात हे यशच आहे, आता ड्राफ्टमध्ये वरचा पिक मिळेल, मुद्दाम हरणंच शहाणपणाचं. मला मात्र मॅच बघवत नव्हती. मी चुकीचा फॅन आहे का? — नाव नको

उत्तर: अजिबात नाही. बघवत नव्हती कारण ती बघण्यासारखी नव्हती, यात तुमचा काय दोष.

टँकिंगवाल्या, म्हणजे मुद्दाम हरा म्हणणाऱ्या, मित्रांना आधी लॉटरीचं, म्हणजे वरचे पिक कुणाला हे ठरवणाऱ्या सोडतीचं, गणित विचारा. २०१९ ला नियम बदलले तेव्हा खालच्या तिन्ही टीमना पहिल्या पिकची सारखीच १४ टक्के संधी ठेवली, आणि सगळ्यात तळाच्या टीमला पाचवा पिक मिळायची शक्यता जवळपास निम्मी. म्हणजे वर्षभर मार खायचा आणि नाणेफेक हरली की पाचवा नंबर. डेट्रॉइट पिस्टन्सने २०२३-२४ ला १४-६८ केलं, त्यात एका सीझनमधला सलग २८ पराभवांचा रेकॉर्ड, मिळाला काय तर पाचवा पिक. पुढच्या वर्षी १७-६५ वाल्या युटा जॅझलापण पाचवाच, आणि पहिला पिक गेला डॅलस मॅव्हरिक्सला, ज्यांची संधी होती १.८ टक्के, त्यांनी कूपर फ्लॅग घेतला. जुन्या नियमातही काही वेगळं नव्हतं हो, शार्लट बॉबकॅट्स २०११-१२ ला ७-५९ होते (त्या वर्षी लॉकआउटमुळे, म्हणजे मालक-खेळाडूंच्या वादामुळे, ६६ च मॅच होत्या), पण पहिला पिक, अँथनी डेव्हिस, गेला न्यू ऑर्लिन्सला.

फिलाडेल्फिया सिक्सर्सचं तर अख्खं पुराणच आहे. लागोपाठ तीन सीझन, १९ विजय, मग १८, मग १०. यातून जोएल एम्बीड मिळाला हे खरं, तो एमव्हीपी झाला हेही खरं, पण ज्या एम्बीडसाठी एवढा खटाटोप केला त्याला सिक्सर्सच्या जर्सीत २०२५ पर्यंत ईस्टची फायनल काही बघायला मिळाली नाही. तेव्हा पराभव मोजून यश मोजणाऱ्यांना हे एकदा ऐकवा.

पण हरणारा प्रत्येक सीझन फुकट गेला असंही मी म्हणणार नाही. मी काय बघतो सांगतो. तरुण पोरांना खरी मिनिटं मिळतायत का, म्हणजे मॅच अडकलेली असताना, २५ ने मागे पडल्यावर नाही. नोव्हेंबरात जी चूक होत होती ती मार्चमध्ये होतेय का. आणि टीमने पुढच्या वर्षी काय केलं, कारण हरण्याचा अर्थ बऱ्याचदा नंतर कळतो. पिस्टन्सचंच घ्या, १४ वरून पुढच्या वर्षी ४४, तिपटीहून जास्त! आणि ते काही लॉटरीच्या पोराने नाही केलं, नवा कोच बिकरस्टाफ आला, टोबायस हॅरिस, मलिक बीझली, टिम हार्डवे ज्युनियर असे अनुभवी आणि शूटिंग करणारे लोक आले, त्यामुळे केड कनिंगहॅमला आत घुसायला जागा मिळाली आणि तो ऑल-स्टार झाला. पहिल्या राउंडला निक्सकडून सहा मॅचमध्ये हरले, शेवटची तर ब्रन्सनच्या अगदी शेवटच्या सेकंदांतल्या थ्रीवर, पण २००८ पासून प्लेऑफमध्ये सलग १५ मॅच हरत आलेल्या टीमने त्या सिरीजमध्ये दोन जिंकल्या. त्या वर्षी पिस्टन्सच्या फॅनला कुणी टायटलबद्दल विचारलंच नाही, विचारणारा मूर्ख ठरला असता.

प्रश्न: जिंकल्या-हरल्याच्या आकड्याशिवाय दुसरं काही बघायचं असेल तर काय बघावं? फार गणित नको.

उत्तर: एकच बघा, दर मॅचमागे पॉइंटचा सरासरी फरक. टीम सरासरी किती पॉइंटनी जिंकते किंवा हरते. शून्य असेल तर ८२ पैकी ४१ च्या आसपास विजय धरायचे आणि फरकाच्या प्रत्येक पॉइंटला साधारण अडीच-तीन विजय वर किंवा खाली. म्हणजे अधिक ४ वाली टीम पन्नासच्या थोडी वर असायला हवी. ती ४५ वरच अडकली असेल तर ती बहुतेक वेळा दोन-तीन पॉइंटच्या मॅच हरत आलीय, आणि तशा मॅचमध्ये नशिबाचा वाटा बराच असतो, पुढच्या वर्षी ते फिरू शकतं. उलट फरक शून्य आणि विजय ४८ असतील तर पेढे वाटायला घाई करू नका. २०२४-२५ च्या ओक्लाहोमा सिटी थंडरचा फरक होता अधिक १२.९, तोवरच्या एनबीए इतिहासात सगळ्यात मोठा, ६८ विजय, टायटल. आणि त्यांनासुद्धा दोन सिरीज सातव्या मॅचपर्यंत खेळाव्या लागल्या, नगेट्सशी आणि फायनलमध्ये पेसर्सशी, तेव्हा आकडा कितीही गोंडस असला तरी घाम काही चुकत नाही.

प्रश्न: मी तेरा-चौदा वर्षांच्या मुलींच्या टीमची कोच आहे. या वर्षी बारा मॅच खेळलो, दोन जिंकलो. पालक विचारतात, वर्ष फुकट गेलं का? मी त्यांना काय उत्तर देऊ? — एक कोचताई

उत्तर: ताई, एनबीएची मोजपट्टी तुम्हाला लावायची गरजच नाही, तिथे हरलं की लोकांच्या नोकऱ्या जातात, इथे तसं काही नाहीये. पण पालकांना नुसतं "मुली एंजॉय करतायत" असं सांगू नका, त्यांना ते टाळल्यासारखं वाटतं आणि खरं सांगायचं तर थोडं असतंही. वही ठेवा. पहिल्या तीन मॅचमध्ये बॉल किती वेळा नुसता हातातून गेला आणि शेवटच्या तीनमध्ये किती वेळा, हे दाखवा. डाव्या हाताने लेअप किती जणींना येत होता आणि आता किती जणींना येतो. बेंचवरची मुलगी प्रत्येक मॅचला उतरली का. मोठ्या फरकाने हरवलेल्या टीमशी परत गाठ पडली तेव्हा फरक कमी झाला का. आणि या सगळ्यापेक्षा मला महत्त्वाचं वाटतं ते हे, की पुढच्या वर्षी किती जणी परत येतायत. दोन जिंकून सगळ्या परत आल्या तर तुमचं वर्ष छान गेलं, दहा जिंकून निम्म्या सोडून गेल्या तर मात्र बसून विचार करावा लागेल.

प्रश्न: एका वाक्यात सांगा, ७३-९ वाल्या गोल्डन स्टेट वॉरियर्सचा २०१५-१६ चा सीझन यशस्वी की अपयशी? पैज लागलीय.

उत्तर: अपयशी, पैज जो कुणी हरला असेल त्याने माफ करावं.

एका वाक्यात आवरत नाही पण. बुल्सचा ७२-१० चा रेकॉर्ड मोडायचाच म्हणून ते शेवटच्या मॅचपर्यंत जीव तोडून खेळले, म्हणजे पट्टी त्यांनी स्वतःच तेवढी वर नेली होती, आणि मग फायनलमध्ये क्लीव्हलँड कॅव्हेलियर्सविरुद्ध ३-१ ने पुढे असताना हरले. सातवी मॅच ९३-८९, लेब्रॉनचा तो मागून येऊन मारलेला ब्लॉक आणि कायरी अर्विंगचा थ्री. उन्हाळ्यात त्यांनी केविन ड्युरांटला आणलं, समाधानी असते तर आणलं असतं का?

बाय द वे, समोरच्या टीमची गंमत बघा. क्लीव्हलँडने त्याच सीझनच्या मध्यात, जानेवारीत, कोच डेव्हिड ब्लॅटना काढलं होतं, टीम ३०-११ आणि ईस्टमध्ये पहिली असताना. तेव्हा सगळे म्हणत होते की या लोकांचं डोकं फिरलंय, आणि जूनमध्ये टायरन लू यांच्या हाताखाली त्याच टीमने त्या शहराला १९६४ नंतरचं पहिलं मोठं टायटल दिलं. निक्सवेड्या, हे शेवटचं भावाला वाचून दाखव, तेवढ्या निमित्ताने बोलणं तरी सुरू होईल.